ग्राफिक्सच्या टेबलावर ठरलेला कॅमेरा: कोल्हापुरातल्या एका छोट्या स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्री आणि मशीन शॉपची दाटी आहे. या कारखान्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकांना दाखवायला फिल्म लागते, आणि नुसत्या चित्रणावर त्यांचं भागत नाही. पंपाच्या केसिंगमधून पाणी कसं फिरतं, कास्टिंगच्या कोणत्या कडेला किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक) धरलाय, हे चालत्या चित्रावर बाण, आकडे, लेबलं आणि पारदर्शक छेद बसवून दाखवावं लागतं. चित्रण आणि मोशन ग्राफिक्स इथे एकमेकांत गुंतलेलं असतं.

ज्या स्टुडिओची ही गोष्ट आहे तो दोघांचा. आतेभाऊ कॅमेरा चालवतो, मामेबहीण आफ्टर इफेक्ट्स आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी पोस्ट-प्रॉडक्शनचं काम करतो. नवा कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर त्यांनी मला बरोबर बसायला सांगितलं, त्यामुळे बहुतेक चर्चा माझ्यासमोर झाल्या.

त्यांच्याकडे आधी एक एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा होता: ४के, ८-बिट (बिट जितके जास्त तितक्या रंगाच्या छटा जास्त), ४:२:० (रंगाची माहिती किती नोंदवली जाते त्याचं माप). लग्नाच्या आणि मुलाखतीच्या कामाला तो उत्तम चालला होता. नव्या खरेदीसाठी बजेट होतं साडेतीन लाखांचं, जीएसटीसकट, आणि त्यात लेन्सही बसवायच्या होत्या, कारण जुन्या लेन्स विचारातल्या कुठल्याच बॉडीवर थेट बसत नव्हत्या. गैरसोय खरी, पण त्यामुळे एक बरं झालं. ‘लेन्स आहेतच, मग त्याच कंपनीचं घेऊ’ हा मोह उरला नाही.

अडचण

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फिल्ममध्ये गाडं अडलं. गिंबलवर (हातातला कॅमेरा तोलून धरणाऱ्या यंत्रावर) घेतलेले बरेच शॉट होते आणि जवळपास प्रत्येकात काहीतरी चिकटवायचं होतं. पहिला कट पाहून मालक म्हणाले, “बाण पाण्यावर तरंगल्यागत हलतोय की!” तो खरंच हलत होता. बहिणीने मग कित्येक शॉट फ्रेम-फ्रेम हाताने बसवले. फिल्म गेली, पैसेही आले, पण त्या कामात तिच्या वाट्याला आलेले तास कोटेशनमध्ये कुठेच नव्हते.

भावाचं निदान सरळ होतं: कॅमेरा जुना झालाय, चित्रात धार नाही, फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, घेऊ. बहीण म्हणाली, “दादा, चित्र देखणं आहे. पण माझं लेबल कुठं बसवू सांग.”

मी सुचवलं की सगळी फिल्म चाळण्याऐवजी सगळ्यात त्रास दिलेला एकच शॉट घेऊन बसू. सीएनसी मशीनच्या दारासमोरून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि दारावर मशीनचं नाव व क्षमता दिसते, असा तो शॉट होता. क्लिप थांबवून दाराच्या उभ्या कडेशी स्क्रीनवर पट्टी धरली. कॅमेरा स्थिर होता तेव्हा कड सरळ होती. कॅमेरा वेगाने सरकताना तीच कड तिरकी झालेली. सेन्सर फ्रेम एका क्षणात वाचत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जातो. तेवढ्यात कॅमेरा पुढे गेला की दाराचा माथा एका क्षणाचा आणि पायथा नंतरच्या क्षणाचा. हाच रोलिंग शटर. डोळ्याला तो फारसा टोचत नाही, पण ट्रॅकिंगच्या (चित्रातले बिंदू पकडून कॅमेऱ्याची हालचाल काढण्याच्या) गणिताला ते दार कठीण पत्र्याचं न वाटता रबराचं वाटतं. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याची हालचाल सोडवली की सॉल्व्ह एरर, म्हणजे त्या हिशेबातला फरक, दिसतो, आणि तो एका पिक्सेलच्या आत असावा असा साधारण दंडक आहे. इथे तो तीनच्या वर होता.

कॅमेरा किती सावकाश वाचतो हे घरच्या घरी मोजता येतं, आणि ही चाचणी मी कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला करायला सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. तिच्या उजेडात पांढरी भिंत १/२००० सारख्या वेगवान शटरवर चित्रित करायची. भिंतीवर आडवे पट्टे दिसतात. एक काळा आणि एक उजळ मिळून एक जोडी, म्हणजे १० मिलिसेकंद. फ्रेमच्या उंचीत जितक्या जोड्या, तितके दहा मिलिसेकंद वाचनाला लागतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये जवळजवळ चार जोड्या मोजल्या. २५ फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात, आणि हा कॅमेरा जवळपास तो सगळा वेळ फ्रेम वाचण्यातच घालवत होता.

दुसरं कारण शूटिंगच्या सवयीत सापडलं. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन कायम चालू असायचं. ते सेन्सरलाच हलवतं, म्हणजे लेन्सचं केंद्र चित्राच्या केंद्रावर राहत नाही, आणि ट्रॅकिंग तर ते केंद्र स्थिर आहे असं धरून चालतं. वर झूम लेन्स, आणि कुठल्या शॉटला झूम किती मिलिमीटरवर होतं याची नोंद कुठेच नाही.

तिसरी अडचण हिरव्या पडद्याची. ४:२:० म्हणजे ३८४० बाय २१६० च्या फ्रेममध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र १९२० बाय १०८० एवढीच. कीइंग, म्हणजे हिरवा पडदा काढून टाकणं, तर रंगावरच चालतं. निवेदकाच्या केसांच्या कडेला पायऱ्या दिसायच्या त्या यामुळे. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग चालू असल्याने कडेला पांढरी रेघही यायची.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बिनखर्चाचा होता: कॅमेरा तोच ठेवायचा आणि पद्धत बदलायची. ट्रायपॉड किंवा सावकाश स्लायडर, स्टॅबिलायझेशन बंद, शटर १/१००, शार्पनिंग शून्यावर, मशीनवर ट्रॅकिंगसाठी टेपच्या खुणा. मी हा पर्याय जोर लावून मांडला. भावाने तो ऐकून घेतला, पण त्याचं मन नव्या कॅमेऱ्याकडे लागलं होतं. दोन महिन्यांत फिल्म्सची मोठी ऑर्डर सुरू व्हायची होती हेही खरं.

दुसरा, ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ६के प्रो. १२-बिट बीरॉ (ब्लॅकमॅजिकचं रॉ स्वरूप), आतच दोन, चार आणि सहा स्टॉपचे एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर, बरोबर डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, आणि या कामासाठी ती उणीव नव्हेच. सतत चालणारा ऑटोफोकस मात्र नाही. डेटाही मोठा: ६के, १२:१ कॉम्प्रेशनवर २५ फ्रेमने चित्रण केलं तर तासाला अडीचशे जीबीच्या आसपास.

तिसरा, सोनी एफएक्स३०. २०२२ साली आलेला, सुपर ३५ (एपीएस-सीच्या जवळपास) आकाराचा सेन्सर, आतच १०-बिट ४:२:२ (४:२:० च्या दुप्पट रंगाची माहिती), सेन्सरचे मूळ आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) दोन, ८०० आणि २५००, भरवशाचा ऑटोफोकस, थंड ठेवायला पंखा. आत एनडी नाही आणि व्ह्यूफाइंडरही नाही, म्हणजे उन्हात बाहेरचा मॉनिटर किंवा हूड लागणार.

चौथा, पॅनासॉनिक ल्युमिक्स एस५ मार्क २. भावाचा लाडका. फुल-फ्रेम, आणि सेन्सरची पूर्ण ३:२ फ्रेम ६केमध्ये नोंदवतो, त्यामुळे एकाच चित्रणातून आडवी फिल्म आणि उभं रील दोन्ही काढता येतं. मात्र त्या मोडमध्ये रंग ४:२:०, आणि ४के ५० फ्रेमला सेन्सरचा मधला भागच वापरला जातो.

पाचवा, काहीच विकत न घेता मोठ्या कामाला पुण्याहून भाड्याने आणायचं. ग्लोबल शटरचा रेड कोमोडो त्यांच्या बजेटमध्ये कधीच बसणार नव्हता, पण भाड्याने परवडत होता. ग्लोबल शटर म्हणजे सगळी फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते, तिरकेपणाचा प्रश्नच मिटतो. पण कारखाने शूटची तारीख आदल्या रात्री सांगतात. भट्टी कधी पेटणार ते विजेवर आणि मालावर अवलंबून. पुण्याहून कॅमेरा मागवून फाउंड्रीच्या वेळापत्रकाशी मेळ घालणं त्यांना झेपलं नसतं.

फुल-फ्रेमवरून दोघांत बरीच वादावादी झाली. भावाचं म्हणणं, पार्श्वभूमी विरघळलेली दिसली की फिल्म महाग वाटते. बहिणीचं उत्तर मला आजही पटतं: मशीनचा पुढचा भाग फोकसमध्ये आणि मागचा धूसर असेल, तर मागच्या भागावर ट्रॅकिंगसाठी बिंदूच मिळत नाहीत. ज्या यंत्राची माहिती सांगायची ते पूर्ण स्पष्ट हवं. लेबलाच्या कामात उथळ फोकस आड येतो, आणि पुरेसा खोल फोकस मिळवायला फुल-फ्रेमवर ॲपर्चर आणखी बंद करावं लागतं, म्हणजे अंधाऱ्या शेडमध्ये आयएसओ वाढवावा लागतो.

चाचणी

तिन्ही कॅमेरे पुण्याहून भाड्याने आणले आणि ओळखीच्या एका कारखान्यात रविवारी चाचणी घेतली. जुना कॅमेराही बरोबर नेला. चारही कॅमेऱ्यांवर तेच शॉट घेतले: लेथसमोरून वेगाने सरकणारा कॅमेरा, हिरव्या कापडासमोर सुटे केस आणि पिवळं हेल्मेट, लाइनच्या कडेने कॅमेऱ्याकडे चालत येणारा सुपरवायझर, आणि लेडलमधून (वितळलेल्या धातूच्या भांड्यातून) साच्यात पडणारं लोखंड. ट्यूबलाइटची चाचणी स्टुडिओत झाली. एफएक्स३० मध्ये दीडपेक्षा थोड्या जास्त जोड्या, पॉकेटमध्ये दोनेक, एस५ मध्ये दोनाहून किंचित जास्त.

खरी चाचणी त्यानंतर सुरू झाली. क्लिप्सना अ, ब, क, ड अशी नावं दिली आणि कुठली कुठल्या कॅमेऱ्याची ते बहिणीला सांगितलं नाही. चित्र कसं दिसतं हा प्रश्न तिला विचारायचाच नाही असं ठरलं होतं. प्रत्येक शॉट तिने पूर्ण करायचा, लेबल बसवून, हिरवा पडदा काढून, मागे दुसरं दृश्य घालून, आणि हाताने किती वेळ दुरुस्ती करावी लागली तेवढंच लिहायचं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. कॅमेऱ्याच्या चाचण्या सहसा चित्रण करणारा माणूस करतो आणि सावली, त्वचा, रंग पाहतो. इथे कॅमेऱ्याची खरी किंमत ग्राफिक्सच्या टेबलावर चुकती होणार होती, म्हणून मापही तिथलंच हवं होतं.

कीइंगमध्ये बीरॉ सर्वांत स्वच्छ निघाला. एफएक्स३०चं ४:२:२ त्याच्या इतकं जवळ होतं की हाताच्या कामात नावाला फरक पडला. जुन्या कॅमेऱ्याला मात्र केसांसाठी दुप्पट वेळ लागला. ट्रॅकिंगमध्ये तिन्ही नवे पास. आणि जुना? स्टॅबिलायझेशन बंद करून ट्रायपॉडवर सावकाश फिरवला तर तोही पास. वेगाच्या शॉटमध्येच तो नापास झाला.

लोखंडाच्या धारेबाबत कुठलाच कॅमेरा चमत्कार करू शकला नाही. कामगाराचे चेहरे दिसतील असं एक्सपोजर ठेवलं की चौदाशे अंशांच्या आसपासची धार पांढरी फटक. बीरॉमधून थोडा तपशील परत आला, पण चेहऱ्यावर उजेड टाकून धारेसाठी एक्सपोजर कमी ठेवणं हाच खरा उपाय होता.

चालत येणाऱ्या सुपरवायझरच्या शॉटने चित्र स्पष्ट केलं. भाऊ एकटाच शूट करतो, फोकस ओढायला दुसरा माणूस नसतो. पॉकेटवर त्याचे बरेचसे टेक फोकसबाहेर गेले. कारखान्यात सुपरवायझरला ‘परत एकदा चला’ असं किती वेळा सांगणार?

निर्णय

एफएक्स३० घ्यायचं ठरलं. बीरॉचं चित्र सर्वांत लवचीक होतं हे तिघांनीही मान्य केलं, पण एकट्या माणसाचं शूट, डेटाचा आकार, आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये नेण्याआधी रिझॉल्व्हमधून प्रोरेस (एडिटिंगला सोप्या स्वरूपाच्या) फाइल्स काढण्याचा जादा टप्पा, या तिन्हींनी पारडं फिरवलं.

लेन्सपाशी पुन्हा थांबलो. महागडी एक झूम की स्वस्त झूम आणि उरलेल्या पैशांत दिवे? शेवटी सिग्माची १८-५० एफ२.८ घेतली आणि वाचलेल्या पैशांत न लुकलुकणारे दोन एलईडी दिवे, फ्लुइड हेडचा चांगला ट्रायपॉड, वेगवान कार्डं आणि व्हेरिएबल एनडी बसवले. सगळं पक्क्या बिलावर. बिनबिलाची बॉडी बाजारात स्वस्त मिळत होती, पण वॉरंटी नाही आणि १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट नाही, मग ती स्वस्ताई कागदावरही टिकत नाही.

शूटचे नियमही त्याच दिवशी लिहून काढले. ज्या शॉटवर ग्राफिक्स बसणार त्याच्या क्लॅपवर (शॉटच्या पाटीवर) एक लाल खूण, आणि खाली मिलिमीटर, कॅमेऱ्याची उंची, मशीनपासूनचं अंतर. त्या शॉटला स्टॅबिलायझेशन आणि लेन्सचं ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन दोन्ही बंद, कारण दुसरं फोकस बदलताना फ्रेमचा आकार गुपचूप बदलत राहतं. शटर १/१००, आणि हालचालीचा धूसरपणा नंतर ग्राफिक्ससकट द्यायचा. लाल खूण नसलेल्या शॉटला भावाने हवं ते करावं.

पुढे काय झालं

पहिल्या दोन फिल्म्समध्ये लेबलांवर जाणारा हाताच्या दुरुस्तीचा वेळ बहिणीच्या नोंदीप्रमाणे निम्म्याहून खाली आला. घसरणाऱ्या बाणाची तक्रार पुन्हा आली नाही. नव्या अडचणी मात्र आल्या.

पहिली, एस-लॉग३ ची, म्हणजे नंतर रंगकाम करायला मुद्दाम फिकट नोंदवणाऱ्या सोनीच्या मोडची. भावाला स्क्रीनवरचं फिकट चित्र जास्त उजळ वाटायचं, म्हणून तो एक्सपोजर कमी करायचा. सावलीत गोंगाट (दाणेदारपणा) शिरला आणि कीइंगच्या कडा वळवळू लागल्या. एस-लॉग३ मध्ये १८ टक्के करडा (प्रमाण मानलेला करडा रंग) सिग्नलच्या ४१ टक्क्यांवर बसतो. करडं कार्ड ठेवून, त्याहून एक स्टॉप वर एक्सपोज करायला लागल्यावर ते थांबलं. हिरव्या पडद्याच्या शूटला त्यांनी लॉग सोडूनच दिला. तिथे उजेड आपल्या हातात असतो, एस-सिनेटोन (सोनीची तयार रंगशैली) १०-बिटमध्ये पुरतो.

दुसरी अडचण बहिणीच्या संगणकाची. सेकंदाला १४० मेगाबिटच्या लाँग-जीओपी फाइल्स, ज्यात बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून काढाव्या लागतात, टाइमलाइनवर अडखळायच्या. तिच्या ग्राफिक्स कार्डला ४:२:२चं डीकोडिंग (फाइल उलगडणं) हार्डवेअरमध्ये करता येत नव्हतं, सगळा भार प्रोसेसरवर. ग्राफिक्सचे शॉट एक्सएव्हीसी एस-आयमध्ये घ्यायचे असं ठरलं, ज्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नोंदवली जाते. २५ फ्रेमला सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे तासाला जवळजवळ ११२ जीबी. बाकी क्लिप्सना प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती. हार्ड डिस्कचा खर्च बजेटमध्ये धरलाच नव्हता.

तिसरी शेडमधल्या हाय-बे (उंच छताला लावलेल्या) दिव्यांची. २५ फ्रेम, १/५० किंवा १/१०० ला काही दिसत नाही, पण १०० फ्रेमच्या स्लो-मोशनला १/२०० शटर लावलं की चित्र धडधडतं. १०० फ्रेमला १/१०० शटर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचं एक आवर्तन पूर्ण येतं आणि लुकलुक जाते. थोडा जादा धूसरपणा पत्करावा लागतो. कॅमेऱ्याचा मेन्यू पाल मोडवर (आपल्या ५० हर्ट्झला जुळणाऱ्या) आहे ना, हे प्रत्येक शूटआधी पाहायची सवयही तेव्हाच लागली.

वेगळं काय करता आलं असतं

बिनखर्चाचा पर्याय एका खऱ्या फिल्मवर आधी राबवून पाहायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. चाचणीतच दिसलं होतं की सावकाश शॉटमध्ये जुना कॅमेराही टिकतो. एक फिल्म तशी केली असती तर नव्या कॅमेऱ्यावाचून कोणते शॉट होतच नाहीत याची नेमकी यादी मिळाली असती. भाऊ याच्याशी सहमत नाही. त्याच्या मते ऑर्डर दारात असताना जुन्या कॅमेऱ्यावर प्रयोग करणं धोक्याचं होतं आणि १०-बिटची गरज तर होतीच. कीइंगपुरतं त्याचं बरोबर आहे.

चाचणीच्या क्लिप्स काही सेकंदांच्याच होत्या. पाच मिनिटांची, चार थरांची टाइमलाइन त्याच संगणकावर चालवून पाहिली असती तर डीकोडिंगची अडचण खरेदीआधी कळली असती आणि डिस्कचा खर्च बजेटमध्ये आला असता. शिवाय, दिवे कॅमेऱ्याच्या आधी घ्यायला हवे होते. हिरव्या कापडावर सारखा उजेड पडल्यावर कीइंग जेवढं सुधारलं, त्यातलं किती ४:२:२ मुळे आणि किती दिव्यांमुळे, हे आता वेगळं काढता येत नाही.

एक शॉट एफएक्स३० लाही जमलेला नाही. तीन हजार आरपीएमने फिरणाऱ्या स्पिंडलवर बसवलेलं लेबल वेगवान शटरवर अजून हलतं, कारण जॉब (मशीनवर घडणारा भाग) एका फेरीला २० मिलिसेकंद घेतो आणि सेन्सरचं वाचन त्याच्या जवळपास जातं. असे शॉट आता ते एका दिवसात गोळा करतात, त्या दिवसापुरता ग्लोबल शटरचा कॅमेरा भाड्याने आणतात आणि त्याचं भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहितात.